एवजी बाई

परवा शेलूबाजारला एका निवृत्त गुरुजींचा सत्कार होता. शाल, नारळ, हार, सगळं रीतसर. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी अशा वेळी होतं तेच भाषण केलं. "जुन्या शिक्षकांनी त्याग केला. कधी पगार पाहिला नाही, कधी रजा मागितली नाही." मंडपात टाळ्या पडल्या. शेजारच्या तरुण मास्तरांनीही वाजवल्या. मी हात मांडीवरून उचलले आणि पुन्हा मांडीवर ठेवले.

रजा मागितली नाही म्हणे! मागितली असती तर कोणी दिली असती? आणि पगार पाहिला नाही म्हणजे काय? तो दिसतच नव्हता तर पाहणार कसा? ज्याच्या पायातून वहाण काढून घेतली त्याला अनवाणी चालण्याचं व्रत होतं असं म्हणायचं, आणि वर शाल पांघरायची. मला असा संताप आला की चहा न घेताच मी घरी निघाले.

वाटेत कळलं, संताप त्या पुढाऱ्यांवर होता तेवढाच माझ्यावरही होता. एका बाईकडून काय काढून घेतलं गेलं ते मला ठाऊक आहे. काढणाऱ्यांत मी होते.

मी कमी बोलते. शाळेत वर्गाबाहेर माझा आवाज फारसा कोणी ऐकलेला नाही. लोकांना वाटतं, स्वभाव आहे. स्वभाव नाही. एकदा बोलले होते, त्याची धास्ती बसली आहे.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रदेशात होतं. खेड्यातल्या शाळा जनपद सभेच्या ताब्यात असत, आम्ही नुसतं 'सभा' म्हणायचो. आमच्या गावात दोन शाळा. मुलांची शाळा चावडीला लागून, तिथे दोन मास्तर. मुलींची शाळा एका मोठ्या कास्तकाराच्या कापूस साठवायच्या खोलीत, आणि तिथे एकच बाई. कापूस वेचून घरी यायला लागला की मालक म्हणे, "बाई, खोली खाली करा." मग संक्रांत होऊन गेली, कापूस विकला गेला, की पुन्हा आत. मधले महिने शाळा कडुनिंबाखाली. फळा झाडाला टेकवायचा, पोरी पोत्यांवर बसायच्या, आणि सभेनं दिलेली एक खुर्ची बुंध्याशी. त्या खुर्चीचीही एक गंमत होती. गावात लग्न निघालं की नवरदेवाला बसायला ती जाई, आणि लग्नसराईत बाई महिनाभर पोत्यावर.

बाई म्हणजे उंच, सावळ्या, आवाज असा की पाढे सुरू झाले की पाणंदीतली गुरं माना वळवत. खोलीच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं सगळी बाराखडी स्वतःच्या हातानं काढली होती, पोरींच्या डोळ्यांच्या उंचीवर. नवरा कारंज्याला कापसाच्या जिनात हंगामी कामाला. हंगाम संपला की तो घरी बसे, आणि बाईही घरी बसत, कारण सभा त्यांना उन्हाळ्यात कमी करी आणि मिरगात पुन्हा घेई. म्हणजे उन्हाळ्याचा पगार नको, आणि सलग नोकरी झाली म्हणून पक्की करणंही नको. वर्षानुवर्षं शिकवून बाई कच्च्याच. आणि कच्च्या बाईला बाळंतपणाची रजा नाही. तशी सोय पक्क्यांसाठी. आमच्या पंचक्रोशीत पक्की बाई मी एकही पाहिली नव्हती.

मग बाळंतपण आलं तर करायचं काय? एवजी बसवायची. जसा कोतवाल आजारी पडला की त्याचा भाऊ पहाऱ्याला बसे, तशी. आपल्या जागी दुसरी थोडीफार शिकलेली बाई आपणच शोधायची, अर्धा पगार आपल्या पदरचा तिला द्यायचा, आणि कागदोपत्री आपणच शाळेत आहोत असं चालू द्यायचं. हे सगळ्यांना माहीत असे. मास्तरांना, गावाला, शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांना. दिपोटी आले की एवजी म्हणे, "आजच आले मी, बाईंना ताप आहे." दिपोटी म्हणत, "बरं बरं." आणि जेवायला बसत. हे वाक्य इतकं ठरलेलं होतं की ते खोटं आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. पाहुण्याला "जेवून जा" म्हणतो तसं ते होतं.

बाईंची सख्खी बहीण पैनगंगेपलीकडे, हिंगोलीच्या बाजूला मास्तरीण होती. आमच्याकडे त्या मुलखाला मोगलाई म्हणतात. तिथल्या शाळा थेट सरकारच्या. ती दिवाळीआधी आली तेव्हा मी बाईंकडेच बसले होते.

"आमच्याकडं रजा मिळती की," ती म्हणाली. "पगारी. अन् नोकरी जशीच्या तशी."

बाई शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग नदीच्या इकडच्या बाया काय अंडे देतात का वं?"

आम्ही हसून हसून लोटपोट झालो. आज तेच वाक्य आठवलं की हसू येत नाही. एकच भाषा, एकच पुस्तक, एकच पाढे, आणि नदीच्या कोणत्या काठावर तू नांदतेस त्यावर तुझं बाळंतपण सरकारी की चोरीचं ते ठरणार.

मुलांच्या शाळेचे थोरले गुरुजी पारावर पेपर मोठ्यानं वाचत. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास राज्यं बदलली आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. गुरुजी म्हणत, "आता मोगलाई, वऱ्हाड, खानदेश सगळं एक. पगार एक, रजा एक." बाईंनी ते खरं धरलं. मला म्हणाल्या, "राज्य बदललं का आपण पक्के होतो, पाह्यजो." 'आपण' म्हणाल्या त्या. मी तेव्हा कुठे कोणाची मास्तरीण होते?

माझंही सांगते, लपवून काय करायचं. नवऱ्यानं मला टाकलं होतं. दुसरी घरात आणली आणि माझी पेटी बैलगाडीत टाकून दिली. मी भावाच्या घरी राहत होते. दादा वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. पण ताटात भाकर वाढताना वहिनीचा हात क्षणभर थांबे. तो थांबणारा हात मी दिवसातून दोनदा पाहत होते. सातवी पास असल्याचा उपयोग एवढाच की गावच्या बायांची पत्रं मी लिहून देई. बाईंनी मला बोलावलं तेव्हा त्यांना पोटाशी बरेच महिने झाले होते. आधीचं एक लेकरू त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत शिकवण्यात गमावलं होतं. एवजी बसवायला तेव्हा अर्धा पगार सोडवत नव्हता. दुखायला लागलं ते खुर्चीतच, आणि घरी नेईपर्यंत सगळं होऊन गेलं. त्याबद्दल त्या बोलत नसत. मला फक्त म्हणाल्या, "यावेळी मी माह्या मायजवळ जाऊन राह्यली, कामरगावकडे. तू बस माह्या जागी. अर्धा पगार तुहा. अन् दिपोटी आला त काय सांगशीन?"

"आजच आले मी, बाईले ताप हाये."

"शाब्बास. अशीच घोक. पाढ्यापरीस हे महत्त्वाचं."

दिवाळीनंतर मी कडुनिंबाखाली त्या खुर्चीवर बसले.

काय सांगू, मला ती खुर्ची आवडली. अर्ध्या पगारातून मी वहिनीला लुगडं आणलं आणि तिचा हात भाकर वाढताना थांबेनासा झाला. गावच्या बाया मला अहोजाहो करू लागल्या. ज्या विहिरीवर आधी "टाकलेली" म्हणून कुजबुज व्हायची, तिथे आता "बाई, आमची पोट्टी शिकते का नाई?" पोरी मात्र मला 'एवजी बाई' म्हणत. त्यांना ते माझं नावच वाटे. पहिल्यांदा हसले. मग ते टोचायला लागलं. दर दिवशी वाटे, संक्रांत आली की बाई येतील, आणि मी पुन्हा पत्रं लिहायला ओसरीवर.

त्या हिवाळ्यात दिपोटी नवे आले. थोरल्या गुरुजींनी आदल्या दिवशी येऊन सांगितलं, "उद्या साहेब येतात, शाकाहारी आहेत, पुरणपोळी करा." हाही आमच्या नोकरीचा भाग. साहेबाचं जेवण मास्तराच्या घरचं, तूप मास्तराच्या घरचं, आणि साहेबाच्या गाडीच्या बैलांची वैरणही मास्तरानं पाहायची. त्याचा भत्ता साहेबाला मिळे, आम्हाला नाही.

मी पहाटे उठून पुरण वाटायला बसले. इथे मला खरं सांगायचं आहे, कारण आजवर मी स्वतःशीसुद्धा खोटं बोलत आले. मी इतकी वर्षं मनाला सांगत होते की साहेबांपुढे मी गांगरले आणि तोंडातून निघून गेलं. गांगरले नव्हते. पाट्यावर वरवंटा पुढेमागे होत होता आणि माझ्या मनात वाक्य तयार होत होतं. पुरण मऊ झालं तेव्हा वाक्यही झालं होतं.

साहेब आले, खुर्चीत बसले, पोरींना पाढे विचारले, कविता म्हणवून घेतली. खूश झाले. मग आमच्या घरी जेवले. चार पोळ्या खाल्ल्या, आणि हात धुताना, टॉवेल माझ्या हातात असताना, विचारलं, "तुम्ही इथल्या नेमलेल्या बाई नाही ना?"

"नाही."

"केव्हापासून येता?"

ते माझ्याकडे पाहत होते. मला आज पक्कं वाटतं की ते त्या ठरलेल्या वाक्याची वाट पाहत होते. पोट भरलेला माणूस, दिवस मावळायच्या आत पुढच्या गावी जायचं होतं. मी ते वाक्य म्हटलं असतं तर त्यांनी "बरं बरं" म्हणून पान तोंडात टाकलं असतं.

मी म्हणाले, "दिवाळीपासून."

थोरले गुरुजी मागे उभे होते. त्यांनी खोकल्यासारखं केलं.

"आणि बाई कुठे आहेत?"

"माहेरी. बाळंतपणाला."

साहेबांनी तोंडात टाकायला काढलेलं पान पुन्हा डबीत ठेवलं. चेहरा बदलला. त्यांना राग आला, पण कशाचा, ते मला पुढे कळलं. त्यांनी न ऐकायची गोष्ट मी त्यांना ऐकवली होती, आणि आता त्यांना साहेब होणं भाग होतं. "हे जुन्या राज्यात चालत असेल," ते म्हणाले. "आता एवजी-बिवजी चालणार नाही. परवानगीशिवाय गैरहजर म्हणजे कमी." मग माझ्याकडे वळून, "तुमचं शिक्षण?"

"सातवी पास."

"अर्ज करून ठेवा."

झालं. एवढंच. मी एक शब्दही खोटा बोलले नाही. अख्ख्या आयुष्यात इतकं खरं मी पुन्हा बोलले नाही.

आणि नवं राज्य पाहा! पारावर वाचलं जात होतं की पगार एक होईल, रजा एक होईल. त्या रजा आमच्या गावात पोहोचायला पुढे वर्षं लागली. शिस्त मात्र पहिल्याच थंडीत, बैलगाडीत बसून आली. द्यायच्या गोष्टी नेहमी कागदावर विचाराधीन, काढून घ्यायची गोष्ट जेवण होता होता.

आठ-पंधरा दिवसांत माझी नेमणूक आली. बाईंना कोणी कळवलं नाही. थोरले गुरुजी म्हणाले, "ओल्या बाळंतिणीला काय सांगता." ज्या गावानं त्या बाईला बाळंतपणासाठी चार दिवसांची सुटी दिली नव्हती, त्या गावाला अचानक ओल्या बाळंतिणीची दया आली. खरं म्हणजे सांगायची हिंमत कोणात नव्हती. माझ्यात तर नव्हतीच.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात बाई आल्या. डोक्याला फडकं बांधलेलं, कानात कापसाचे बोळे, कडेवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. पोरी "बाई आल्या वो" करत पोत्यांवरून उठून धावल्या. मी खुर्चीत होते. उठायला हवं होतं, उठले नाही.

"काय वं एवजी बाई," त्या लांबूनच ओरडल्या, "खुर्ची गरम ठेवली का नाई माह्यासाठी?"

मग जवळ येऊन त्यांनी पदराच्या गाठीतून एक डिंकाचा लाडू काढला. "घे. माह्या मायनं मोजून देल्ले होते, त्यातला एक तुह्यासाठी ठेवला. तुहं नाव सांगून."

मी लाडू घेतला. तो हातात धरूनच म्हणाले, "बाई, दिपोटी आले होते."

"मंग? आजच आली म्हून सांगतलं ना?"

"नाही. मी खरं सांगितलं."

बाईंना ते पटकन समजलंच नाही. त्या हसत होत्या ते तसंच चेहऱ्यावर राहिलं. "खरं?" त्या म्हणाल्या. "खरं कोणं मांगतलं होतं तुले? खरं त त्यालेही मालूम होतं!"

कडेवरची मुलगी किरकिरायला लागली, तिला त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"अर्ज केला असशीन."

"हो."

"पक्की केली का तुले?"

"नाही. कच्चीच."

तेव्हा त्या हसल्या. तसं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "म्हंजे माही कच्ची जागा तुले कच्चीच भेटली! चोरी कराची होती पोरी, त पक्क्या मालाची त करती."

एवढं बोलून त्या बंद खोलीकडे गेल्या. आत कापूस होता, दाराला कुलूप. फटीतून त्यांनी आत पाहिलं. काय दिसणार होतं? त्यांची बाराखडी पांढऱ्या ढिगाच्या मागे होती. मग पाणंदीनं निघून गेल्या. लाडू माझ्या हातात राहिला. तो मी खाल्ला की टाकला, तुम्ही विचाराल. खाल्ला. भूक लागली होती. सांगायचंच ठरवलं आहे तर तेही सांगते.

पुढच्या महिन्यात खोली रिकामी झाली आणि आम्ही आत गेलो. त्या भिंतीवरच्या अक्षरांवर छडी ठेवून मी शिकवू लागले. क, का, कि, की. अक्षर त्यांचं, छडी माझी.

बाई नवऱ्याबरोबर कारंज्याला गेल्या आणि जिनात लागल्या. तिथे बाया रांगेनं बसून कापसातली कवडी वेगळी काढतात. कवडी म्हणजे डागी, किडका कापूस. जिनं साऱ्या गावच्या पोरींना लिहायला शिकवलं ती डागी कापूस निवडत बसली, रोजावर, आणि तिथेही हंगाम संपला की घरी. मला ते दादाकडून कळे, तो कापसाची गाडी घेऊन जाई. तो सांगे आणि मी ताटाकडे पाहत जेवत राही. वहिनीचा हात आता थांबत नव्हता.

माझ्या नोकरीचं म्हणाल तर बाईंचंच सगळं माझ्या वाट्याला आलं. उन्हाळ्यात कमी, मिरगात परत. लग्नाला खुर्ची द्या. मतदारांची नावं लिहायला उन्हात फिरा. साहेबाला पोळ्या वाढा. मी रजा कधीच घेतली नाही. लोक म्हणत, काय निष्ठा आहे! निष्ठा कसली. रजा घेतली तर एवजी बसवावी लागेल, आणि एवजी काय करू शकते ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

आणि मग मला मुदतीचा ताप आला. उठवेना. शाळा बंद पडली तर जागा जाणार. वहिनीनं मला न विचारता कारंज्याला निरोप धाडला. तिचं बरोबर होतं. आसपास दुसरी शिकलेली बाई होती कुठे?

ऑगस्टचे दिवस होते, जिन बंद होतं. बाई आल्या. माझ्या खोलीत आल्या नाहीत. सरळ शाळेत गेल्या. मी गोधडीत पडल्या पडल्या ऐकलं, पाढ्यांचा आवाज बदलला. माझ्या वर्गात पोरी पुटपुटत. आता गावभर ऐकू जात होतं, बे एके बे, बे दुणे चार. तापापेक्षा त्या आवाजानं मला घाम फुटला. दिपोटी आले तर ती काय सांगणार हे मला माहीत होतं. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं, आणि मी तिच्या जागी होतेच की.

दिपोटी आले. तेच. वहिनीनं पोळ्या केल्या, बाईंनी वाढल्या. मी आतल्या खोलीत, दार लोटलेलं. ताटावरून उठल्याचा आवाज आला, तांब्याचा आवाज आला, आणि मग साहेबांचा: "तुम्ही केव्हापासून?"

"आजच आली साहेब. बाईले ताप हाये."

त्यांनी तिला ओळखलं असेल का? स्वतःच कमी केलेली बाई. ओळखलंच असेल. मग आवाज आला, "बरं बरं." आणि डबी उघडल्याचा.

त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसल्या. कपाळाला हात लावला. साहेबांची नक्कल करून दाखवली, पान कसं दाढेत धरतात त्याची. मी रडायला लागले. म्हणाले, "बाई, तुम्ही देवासारख्या..."

"गप वं!" त्या ताडकन म्हणाल्या. "देव-बिव काही नाई मी. मले पुन्हा दिवस गेले. दिवाळीले बाळंत होईन, मंग मले कोण ठेवते खुर्चीत? पोटात नसतं ना, त म्याही खरंच सांगतलं असतं त्याले. समजलं? म्याही खरंच सांगतलं असतं."

मला त्यांनी माफ केलं असतं तर बरं झालं असतं. सोपं झालं असतं. त्यांनी ते केलं नाही. मी बरी झाले त्या दिवशी खुर्ची पदरानं पुसून म्हणाल्या, "बस. तुही हाये." आणि अर्धा पगार घेऊन गेल्या. अर्धाच. मी पूर्ण पुढे केला होता. "रीत हाये ते घेईन," म्हणाल्या, "भीक कायले?"

त्यानंतर आमची भेट नाही. जिन पुढे बंद पडलं, त्या घरची माणसं कुठे गेली ते दादालाही कळलं नाही.

मग एकेक करून सगळं आलं. उन्हाळ्याचा पगार आला. पक्कं होणं आलं. रजा आली, बाळंतपणाचीसुद्धा, मोगलाईसारखी, मुंबईसारखी. लोकांनी मोर्चे काढले, भांडले, तेव्हा आली. कोणी त्यागाचं फळ म्हणून पाठवून दिली नाही. आता मी मुख्याध्यापिका आहे. माझी नोकरी त्या हिवाळ्यापासून धरली जाते. टॉवेल हातात धरून मी जे दोन शब्द बोलले, तिथून माझी पेन्शन मोजली जाणार. बाईंनी त्याआधी कडुनिंबाखाली घालवलेली वर्षं कुठेच धरलेली नाहीत. त्या सत्काराच्या भाषणातसुद्धा नाहीत, कारण ज्याच्याकडून काढून घेतलं त्याला मंडपात बोलावत नाहीत. शाल पांघरायला आम्ही असतो, टिकून राहिलेले. आम्ही कसे टिकलो ते कोणी विचारत नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतली एक तरुण बाई बाळंतपणाच्या रजेवर निघाली. माझ्या टेबलाशी उभी राहून हसत म्हणाली, "बाई, माझा वर्ग कोणाला देता? परत आल्यावर जागा राहील ना माझी?"

तिनं गंमतीनं विचारलं होतं. तिला ठाऊक आहे की राहील, कायदा आहे. मी इतक्या मोठ्यानं "राहील!" म्हणाले की बाजूच्या वर्गातले मास्तर दारात आले. ती दचकली. म्हणाली, "बाई, रागावल्या का?"

"हो," मी म्हणाले. "बस. तुला सांगते कोणावर."